उंब्रजची शिवण

पट्टा बोटावर वाकवून उजेडाकडे धरला आणि फिरता फिरता मानसिंगचा अंगठा एका जागी अडला. शनिवारची दुपार होती. सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेरच्या त्याच्या दुकानात नेहमीसारखी हळदीची धूळ उडत होती, समोर एक रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि शंभूराज नावाचा तिशीचा ट्रकड्रायव्हर दारात उभा राहून बाटलीतलं पाणी मानेवर ओतून घेत होता. गाडीवरचा माल आवळायचे सहा पट्टे त्याने आणून टाकले होते. हे पट्टे उन्हापावसाने विटतात, मालाच्या कोपऱ्याला घासून त्यांच्या दशा निघतात, आकड्याजवळची शिवण सैल पडते, आवळायच्या रॅचेटमध्ये माती जाऊन दात धरेनासे होतात. मग ड्रायव्हर ते मानसिंगकडे आणतात. तो ते साध्या साबणाने धुतो, सावलीत वाळवतो, वीतभर वीतभर बघत जातो, आणि ज्याची शिवणच गेली असेल त्याला नवी शिवण घालतो. ज्याचं अंगच कापलं असेल त्याचे कात्रीने दोन तुकडे करतो, म्हणजे पुन्हा कुणी बांधायला नको. अठरा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पट्टा हातात असताना तो दुसरंच काहीबाही मनात आणत बसे. आज तसं चाललं नाही. अंगठ्याखाली सहाव्या पट्ट्याची शिवण होती. चौकोन, चौकोनात फुली, आणि दोरा संपताना काठाकडे तिरके गेलेले तीन बारीक टाके.

सगळेजण शेवटी मागे येऊन त्याच भोकांतून सुई परत घालतात. तसं केलं की शिवण पक्की दिसते, पण भोकं मोठी होतात आणि ओढ बसली की पट्टा नेमका तिथंच फाटायला बघतो. म्हणून मागं यायचं नाही, तीन टाके तिरके काढून सोडून द्यायचं. ही रीत मानसिंगच्या माहितीत दोनच माणसांची होती, आणि त्यातला एक तो स्वतः. म्हणून आधी त्याला वाटलं, आपलंच काम असेल, विसरलो असू. त्याने चष्मा वर करून पट्ट्याच्या टोकाचं निळं लेबल वाचलं. पट्टा दोन वर्षांपूर्वीचा होता. आकड्याची घडण त्याच्याकडे कधी न आलेली होती. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं.

"हा कुटं शिवून घेतला?" त्याने विचारलं.

"उंब्रजला. हायवेच्या कडंला एक बाई हाईत," शंभूराज म्हणाला. "शिवत्यात चांगलं, पर लय कडक. तो चौथा पट्टा शिवायचाच न्हाई म्हणाल्या. म्हणलं, सांगलीत दावतो."

मानसिंगने चौथा पट्टा ओढून घेतला. मधोमध हाताएवढी जागा काचेसारखी गुळगुळीत आणि कडक झाली होती. घासून घासून तापली की ती तशी होते, आणि मग आत धागा उरत नाही. "हा मी बी शिवणार न्हाई," म्हणून त्याने कात्री घातली. शंभूराज हळहळला आणि बाकीचे पट्टे ठेवून गेला. त्याच्या मागे मानसिंग सहावा पट्टा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. बाई हाईत. म्हणजे आहे. म्हणजे तिथंच आहे, आणि अजून शिवते आहे.

फौजेतली सतरा वर्षं मानसिंगने सामानाची डागडुजी करण्यात घालवली होती. बूट, तंबू, खेचरांची खोगिरं, विमानातून टाकायच्या मालाचे पट्टे. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी तापाने गेली तेव्हा तो हजार कोस लांब होता. मुलगी सृष्टी कडेगावजवळच्या गावी त्याच्या आईने, अंबूबाईने वाढवली. पेन्शनीवर आल्यावर गावात त्याचा जीव लागेना. उसाला पाणी पाजावं, पारावर बसावं, फौजेच्या गोष्टी सांगाव्यात, यातलं त्याला काहीच जमेना. तेव्हा उंब्रजच्या हिंदुरावांकडे, ताडपत्र्या आणि पट्टे शिवायच्या दुकानात, तो कामाला लागला. माल बांधायला पट्टे वापरणं तेव्हा नवंच होतं, बाकी गाड्या दोरखंडावरच चालत. हिंदुरावांची मुलगी आम्रपाली लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्याचं घर सोडून परत आली होती आणि जाड कामाच्या मशिनीवर तीच बसायची. मानसिंगला वाटलं, हिला काय शिकवायचं असेल ते आपण शिकवू. पहिल्याच आठवड्यात तिने त्याची सबंध शिवण पात्याने उसवून त्याच्यापुढे ठेवली. "हे तंबूचं शिवणं झालं फौजी," ती म्हणाली. "ह्याच्यावर दहा टनाचा पाईप ऱ्हाणार हाय." त्याचे कान तापले. पण दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि शिकला. वर्षभरात त्या दोघांची शिवण हिंदुरावांनाही वेगळी ओळखू येईना.

उंब्रजला काढलेल्या तीन वर्षांतलं त्याला सगळ्यात जास्त आठवे ते घडी घालणं. धुतलेला पट्टा वाळला की तो एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला उभी राही. मध्ये चाळीस फूट अंतर. पट्टा ताणून, कुठं पीळ पडला नाही ना बघून, दोघं एकमेकांकडे चालत येत, ती त्याच्या हातातलं टोक घेई, तो मागे जाऊन मधली दुमड उचली, पुन्हा चालत येई. चाळिसाचे वीस, विसाचे दहा. शेवटच्या घडीला तिची बोटं त्याच्या बोटांना लागत. सुईने आणि दोऱ्याने घट्टे पडलेली, खरबरीत, उबदार बोटं. ती पट्टा घेऊन वळे आणि फळीवर ठेवी, आणि तो पुढचा पट्टा शोधायला जाई. दिवसात असे दहा-बारा पट्टे. कधी कमी असले तर दिवस वाया गेल्यासारखा वाटे. दुपारचा चहा दुकानामागच्या त्यांच्या घरी होई. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्टोव्ह, आणि चारांपैकी तीनच कपांचे कान धड असलेल्या कपबश्या. एकदा सुट्टीला गावी गेला तेव्हा अंबूबाई भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली होती, "उंब्रजला च्या कुटं पितोस ते समजलं मला. पोरीचं लगीन व्हायचंय अजून." सृष्टी तेव्हा अकरा वर्षांची होती. त्याने ताटातली भाकरी मोडली होती आणि खाल्ली होती.

आणि मग ती श्रावणातली दुपार. एक ड्रायव्हर घाईत होता. कापून टाकायच्या ढिगात त्याचा पट्टा पडलेला, काठाला नखाएवढा काप. दुसरा पट्टा नाही म्हणून तो गयावया करत होता. मानसिंगने ढिगातून पट्टा उचलला, कापावरून दोनदा शिवण मारली आणि दिला. एवढंसं काय होतंय, असं मनात म्हटल्याचं त्याला अजून आठवत होतं, त्या शब्दांसकट. चौथ्या दिवशी माल उतरवताना तो पट्टा तुटला, पाईप घरंगळला आणि बिरदेव नावाच्या पंचविशीतल्या हमालाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गाडीमालकाचा माणूस तुटका पट्टा घेऊन दुकानात आला. "कुणी शिवला हा?" हिंदुरावांनी पट्टा उलटासुलटा केला, त्यांना कळेना. आम्रपालीने तो त्यांच्या हातातून घेतला, शेवटच्या तीन टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी." मानसिंग दहा पावलांवर रॅचेटला तेल देत बसला होता. तोच शब्द त्याच्याही तोंडात आला होता. त्याने तो गिळला. त्या संध्याकाळी गावी जातो म्हणून तो एसटीत बसला तो परत गेलाच नाही. महिन्याने सांगलीत हे दुकान धरलं.

या अठरा वर्षांत त्याने एक गोष्ट जपली होती. ती 'मी' म्हणाली. त्याच्यासाठी म्हणाली. सगळ्या लाजेच्या तळाशी हे उबदार असं काहीतरी होतं, आणि तो लाज उकरायचा ती खरं तर तिथवर हात पोचावा म्हणून. सृष्टीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, अंबूबाई कोरोनाच्या साथीत गेली, घरात एका माणसाचा स्वयंपाक होऊ लागला. पण कुणीतरी एकदा आपल्यासाठी स्वतःवर घेतलं होतं, हे कुठं गेलं नाही.

रविवारी सकाळी तो कऱ्हाडच्या एसटीत बसला. का जातो आहोत हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर इस्लामपूरलाच उतरला असता. खिडकीबाहेर ऊस मागे पळत होता, पुढच्या बाकावरची बाई सुनेची गाऱ्हाणी शेजारणीला सांगत होती, आणि मानसिंग पहिलं वाक्य जुळवत होता. पट्टा बघितला, म्हणून आलो. नको. इकडं काम हुतं. नको. कऱ्हाडला गाडी बदलून उंब्रजला उतरला तेव्हा गाव त्याला ओळखूच येईना. रस्ता रुंद झाला होता, जुनी हॉटेलं गेली होती, आणि ज्या लिंबाखाली पट्टे वाळायचे तो लिंब कुठे होता याचाही अंदाज लागेना. पण पाटी होती: आम्रपाली ताडपत्री व बेल्ट वर्क्स. हिंदुरावांचा हार घातलेला फोटो बाहेरूनच दिसत होता. खाली मशिनीवर एक बाई वाकून बसली होती. केस निम्मे पांढरे, चष्म्याला दोरी, खांदे त्याला आठवत होते त्यापेक्षा रुंद.

तिने चष्म्यावरून पाहिलं. वेळ घेतला. मग म्हणाली, "बसा. एवढी शिवण उरकती."

तो ताडपत्रीच्या गुंडाळीवर बसला. सुई चौकोनाच्या चार बाजू फिरली, फुली मारली, तिरकी झाली, थांबली. तिने दोरा तोडला.

"शंभूराजनं पट्टे आणलं हुतं," तो म्हणाला. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"चौथा टाकला का त्यानं?"

"मी कापला."

"बरं केलं."

बाहेरून एक कंटेनर गेला आणि दुकानाचा पत्रा थरथरला.

"त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं," मानसिंग म्हणाला. "माझ्या तोंडात आलं हुतं."

"म्हाईत हाय. दिसलं मला."

"मग तुमी का म्हणला?"

आम्रपालीने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली. "बाचं दुकान हुतं. आन् तुमी तो पट्टा ढिगातनं उचलताना मी बघत हुते. जेवत हुते मी. घास हुता तोंडात. म्हणलं, फौजीला कळतंय की, आन् गप बसले. मग तो पट्टा माझा न्हाई तर कुणाचा?"

म्हणजे त्याच्यासाठी नव्हतंच ते. तिने आपला वाटा मोजला होता आणि बोलून दाखवला होता, इतकंच. अठरा वर्षं जे छातीशी धरून तो झोपत होता ते तिने कधी दिलंच नव्हतं. त्याला वाटलं आता उठावं. पण पाय उठले नाहीत. आणि चष्मा नसलेल्या तिच्या उघड्या डोळ्यांकडे बघताना त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला राग आलेला नाही. फक्त फार लांबून चालत आल्यासारखं झालं आहे.

"आठ दिवस तुमच्या स्टुलावर कुणाला बसू दिलं न्हाई मी," ती म्हणाली. "मग बसू दिलं."

"तोंड दाखवायला जागा नव्हती मला. त्या पट्ट्यानं—"

"पट्ट्याचं सांगू नगा." तिचा आवाज चढला नव्हता. "पट्टा तुटला नसता तरी तुमी गेला असता. सा म्हैन्यांनी, वर्सानं. तुमच्या आईचा निरोप आला हुता माझ्या बापाकडं."

"निरोप? काय निरोप?"

"जाऊ द्या आता. हायत का म्हातारी?"

"गेली. कोरोनात."

"वाईट झालं," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं हे त्याला कळलं. त्याहून त्याला जास्त लागलं. भाकरी मोडून खाल्लेली ती दुपार त्याला आठवली. पट्टा तुटल्याची बातमी आली तेव्हा, त्या सगळ्या भयात, एका कोपऱ्यात किती हलकं वाटलं होतं. आता जावंच लागेल, आता कुणी विचारणार नाही का गेलास म्हणून. बिरदेवचा पाय गेला आणि मानसिंगला पळायला वाट झाली. हे त्याने आजवर कधी इतक्या सरळ शब्दांत स्वतःलाही म्हटलं नव्हतं. आणि तिला ते तेव्हापासून ठाऊक होतं.

"बिरदेवकडं गेला का कवा?" तिने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"तुमच्या गावापासनं दोन कोसावर ऱ्हातो. पिठाची गिरण टाकलीया. वर्सातनं एकदा जाती मी. इचारतो, फौजी कुटं असत्यात."

"त्याला कसं काय—"

"पयल्याच वर्सी सांगितलं. पायाला हात लावून खोटं कसं बोलायचं?" तिने चष्मा चढवला. दारात एक ट्रक येऊन थांबत होता. ती उठली, गल्ल्यावरचं दुकानाचं कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं. "जाऊन आला तर सांगा. न्हाई गेला तर ऱ्हाऊ द्या."

कऱ्हाडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मानसिंग तिच्या पायरीपाशी गेला आणि तसाच पुढे जाऊन विट्याच्या गाडीत चढला. इतकी वर्षं त्याला जी हवीशी वाटत आली ती चौतीस वर्षांची बाई होती, पट्ट्याचं टोक धरून चालत येणारी. ती आता कुठेच नव्हती, आणि तिच्यासाठी झुरणं त्याला आयतं जमत होतं. त्यात काही करावं लागत नव्हतं. आज जी भेटली तिचं त्याला काहीच माहीत नव्हतं. ती कधी जेवते, चष्मा कधी लागला, हिंदुराव गेले तेव्हा जवळ कोण होतं, एकटी असते का, गुडघे दुखतात का. गाडी कडेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा हे सगळं त्याला विचारायचं होतं, एक एक करून, आणि त्या इच्छेने छातीत इतकी ओढ बसली की त्याने पुढच्या सीटची दांडी धरली.

बिरदेवची गिरणी त्याच्या गावच्या फाट्यालाच होती. पाच-सहा बायका डबे घेऊन बसल्या होत्या, पट्टा सैल पडल्यासारखी गिरणी धडधडत होती, आणि पिठाने पांढरा झालेला एक जाडसर माणूस नकली पायावर भार देत धान्य ओतत होता.

"मी मानसिंग," तो दारातून म्हणाला. "उंब्रजला हुतो."

बिरदेवने कानाला हात लावला. काही ऐकू जात नव्हतं.

"तो पट्टा मी शिवला हुता," मानसिंग म्हणाला. मग आणखी पुढे होऊन, बायकांच्या डब्यांमध्ये उभं राहून, जितक्या मोठ्यानं म्हणता येईल तितक्या मोठ्यानं म्हणाला, "तुमचा पाय गेला तो पट्टा मी शिवला हुता."

बायका त्याच्याकडे बघू लागल्या. बिरदेवने पायलीतलं उरलेलं धान्य ओतलं, पायली खाली ठेवली आणि त्याच्याजवळ आला. पापण्यांवरसुद्धा पीठ होतं.

"दोन वर्सं लय राग हुता," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "तुमचं घर म्हाईत हुतं मला. येणार हुतो. मग गिरण टाकली, पोरं झाली, आन् येळच गावला न्हाई."

"आता?"

"आता काय सांगू? अजून थंडीत दुखतं, तवा शिव्या घालतो तुमाला." त्याने भिंतीकडच्या बाकड्याकडे हात केला. "बसा तितं. ह्यांचं दळण उरकू द्या. मग घरला जाऊ, जेवाय."

मानसिंग बसला. शेजारच्या म्हातारीने आपला डबा थोडा सरकवून त्याला जागा करून दिली. पिठाची गरम वाफ अंगावर येत होती. मग त्याने खिशातलं कार्ड काढलं, नंबर एकदा चुकला, पुन्हा लावला, आणि फोन घेऊन बाहेर उसाच्या बांधाला गेला. पलीकडे फोन उचलला गेला तसा आधी मशिनीचाच आवाज आला.

"मानसिंग बोलतोय. बिरदेवच्या गिरणीवर हाय."

"सांगितलं?"

"सांगितलं. दोनदा."

"काय म्हणाला?"

"जेवाय ऱ्हावा म्हणाला."

तिकडे सुई चालत राहिली. त्याला वाटलं ती आता ठेवील, कामात आहे.

"आनि एक इचारायचं हुतं," तो म्हणाला. "पट्ट्याचं न्हाई. तुमचं."

मशिनीचा आवाज मंदावला, आणि थांबला. हायवेवरची एक गाडी गेली तेवढी ऐकू आली.

"इचारा," आम्रपाली म्हणाली.